वाफेला वाट

त्या हिवाळ्यात कुवेतच्या लढाईमुळे रियाधच्या ओलाया भागातल्या दुकानांत प्लास्टिक आणि रुंद चिकटपट्टी यांच्यासाठी झुंबड उडाली होती. विषारी वायूच्या भीतीने जो तो खिडक्या बंद करत होता. आमच्या कफीलनेही, म्हणजे व्हिसा देऊन आम्हाला कामावर आणणाऱ्या मालकाने, रियाधबाहेरच्या मळ्यावर आमच्या खोलीसाठी दोन गुंडाळे आणून दिले. खोलीत आम्ही दोघंच. मी रत्नागिरीकडचा सुतार, तो रायगडचा गवंडी. माझ्यानंतर दोन वर्षांनी आलेला.

कफीलच्या वडिलांनी हौसेने वीसेक गिनी कोंबड्या पाळल्या होत्या. राखाडी अंगावर पांढरे ठिपके, आणि दिवसभर कलकलाट. झाडावरच झोपायच्या. जानेवारीत अशी थंडी पडली की पाण्याची टाकी वरून गोठायची. एका सकाळी झाडाखाली दोन पक्षी ताठ होऊन पडलेले सापडले. म्हाताऱ्यांनी मला खुराडं बांधायला सांगितलं.

मी जीव ओतून बांधलं. बसल्यावर पायाची बोटं पिसांखाली झाकली जावीत म्हणून बसायच्या फळ्याही रुंद घेतल्या. पण पक्षी आत शिरेनात. मग गवंड्याने डब्यात बाजरी खुळखुळवली आणि ते त्याच्यामागे रांगेने आत गेले. म्हाताऱ्यांनी आपला मेंढीच्या कातड्याचा कोट काढून त्याच्या खांद्यावर टाकला. खुराड्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. माझ्या छातीत आग पेटली.

तो जवळ येऊन म्हणाला, "छपराखाली वीतभर फट राहू दे. त्यांच्या श्वासाची वाफ बाहेर जायला हवी."

आता हा गवंडी मला सुतारकी शिकवणार! तो जेवायला गेल्यावर मी ती फट प्लास्टिक लावून, चिकटपट्टीने पक्की बंद करून टाकली.

तिसऱ्या सकाळी दार उघडलं तर आतल्या भिंतींना पाणी सुटलेलं. फळ्या ओल्या, पेंढा ओला. एक पक्षी मेला होता, ओलीत गारठून चार पक्ष्यांच्या पायांची बोटं काळी पडली होती. म्हातारे गवंड्यावर संतापले. पक्षी त्याच्या ताब्यात होते ना. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि मी शेजारी उभा राहून गप्प बसलो.

ते गेल्यावर मी प्लास्टिक ओरबाडून काढलं. तो पेंढा बदलत होता. वर न बघताच म्हणाला, "पट्टी आपल्या खोलीतली आहे, हे मला सकाळी बघताच कळलं."

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

"सांगून पक्षी जिवंत होणार होता का?"

त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मोठेपणातही तो माझ्या पुढे गेला, हे मला सहन होईना. त्याच दुपारी मी म्हाताऱ्यांकडे गेलो आणि मोडक्या अरबीत सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "खलास," म्हणजे झालं ते झालं, आणि रोज संध्याकाळी पक्षी आत घ्यायला गवंड्याला मदत कर म्हणून बजावलं. त्यानंतर एकही पक्षी दगावला नाही.

लढाई संपल्यावर गवंडी सुट्टीवर गावी गेला तो परतलाच नाही. पक्षी माझ्याकडे आले, माझ्या हाकेला येऊही लागले. म्हातारे मात्र जवळ बसले की विचारायचे, त्याचं पत्र आलं का. मी नाही म्हणायचो. दोनदा ते खोटं होतं.