मीठ बंद

त्या दुष्काळात आमच्या वसाहतीत आठव्या दिवशी टँकर यायचा. शहर वाढत होतं, मागच्या माळावर इमारतींवर इमारती उठत होत्या आणि आम्ही बादल्या मोजत होतो. घरात आई आणि मी, दोघीच. मी फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवायची आणि घरी येऊन आईवर हुकूम चालवायची.

आईला मनाच्या आजारासाठी कित्येक वर्षं लिथियमची गोळी चालू होती. त्या गोळीमुळंच ती अंथरुणातून उठून पुन्हा हसायला लागली होती. त्या उन्हाळ्यात तिचं बीपी जरासं वाढलं आणि मी फर्मान काढलं, "मीठ बंद. लोणचं, पापड सगळं बंद." बरण्या वरच्या फळीवर टाकल्या. डॉक्टरला विचारलं का? छे! शहाणी ना मी!

पंधरा दिवसांनी चहा देताना तिच्या हातातली कपबशी खडखडली.

"काय गं?"

"काय नाय. ऊन लई हाय."

मीही ते मानलं. चार दिवसांनी सकाळी ती मोरीच्या दारात भिंत धरून उभी होती. पहाटेपासून उलट्या झाल्या होत्या, पाय लटपटत होते, बोलणं जड झालं होतं. रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी गोळ्यांचं पाकीट पाहिलं आणि विचारलं, "पाणी किती पितात? मीठ खातात?"

अगं बाई! अंगात मीठ-पाणी कमी पडलं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि त्याच्यासोबत लिथियमही. मग रोजचीच गोळी रक्तात साचत जाते आणि विष होते. हा प्रश्न मी दरवर्षी परीक्षेत घालायची. चुकलेल्या उत्तरावर लाल रेघ मारायची.

सलाईन चालू झालं. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत माझा जीव टांगणीला. मेंदूवर परिणाम झाला तर? तिनं मला ओळखलंच नाही तर? मला स्वतःचा इतका राग आला होता की कुणी मुस्काटात मारली असती तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी ती उशीला टेकून बसली, नीट बोलली. मी तिथंच रडले, मग तिच्यावरच चिडले.

"पाणी का पीत नव्हतीस?"

"तहान लई लागायची गं. पण पाणी प्यालं की सारखं मोरीत जावं लागायचं. दर खेपेला पाणी टाकायचं, मग तुझ्या अंघोळीला काय उरलं असतं?"

"आणि हात कापतोय, ते तरी सांगायचंस!"

"मीठ बंद झालं अन् मगच हात कापाया लागला, हे ध्यानात आलं व्हतं. पण तू एवढी शिकलेली. तुला कसं म्हणू, तुझं चुकलं?"

मी पाण्याचा ग्लास भरून तिच्या हातात दिला. ती अर्धाच प्याली आणि उरलेला माझ्यासाठी झाकून ठेवला.