मूठ वळताना

भरपाईसाठी अपंगत्वाचा दाखला हवा होता, म्हणून मी आमच्या कारखान्यातल्या सुमनताईंना सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. प्रेस मशीनखाली त्यांच्या उजव्या हाताची हाडं मोडली होती.

"मूठ वळा," डॉक्टर म्हणाले.

ताईंनी घाम फुटेपर्यंत जोर लावून बोटं मिटली. बोटं जेवढी मिटतील, तेवढी भरपाई कमी होणार होती, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "एवढा जोर कशाला लावलात?"

"त्यांनी वळा म्हटलं ना," त्या म्हणाल्या.

मला रडू आलं नाही, रागही आला नाही. जन्मभर सांगितलेलं काम नीट करणाऱ्या माणसाला न जमणं दाखवता येत नसावं. रिक्षात बसल्यावर त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला.