खाणीजवळचं घर आणि मावशीचा गिलावा

मावशीला कामावर सगळे ‘ओळंबा’ म्हणत, म्हणजे भिंत सरळ आहे का ते पाहायची गवंड्याची वजनाची दोरी. तोंडावर नाही, तेवढी कुणाची छाती नव्हती. पण भिंत केसभर कलली तरी तिच्या डोळ्यांना खुपायची, आणि खुपलं की ती बोलायची, मग समोर कंत्राटदार असो की त्याचा बाप. सोळाव्या वर्षी डोक्यावर घेतलेलं घमेलं तिनं विशीत खाली ठेवलं आणि हातात थापी घेतली. बाई गिलावा करणार म्हटल्यावर गवंडी मंडळींना हसू आवरेना. ती भांडली नाही. एक भिंत करून दाखवली, भिंतीला चिकटून बॅटरी धरली आणि म्हणाली, “सावली दाखवा.” सावली पडायला आधी उंचवटा तर हवा! तेव्हापासून तीस वर्षं तिच्या गिलाव्याला कुणी नाव ठेवलं नाही.

लग्न तिनं केलं नाही. बहीण गेली तेव्हा तिची चार वर्षांची पोर घरी आणली, वाढवली, शिकवली आणि लग्न लावून दिलं. ती भाची आता एका दवाखान्यात नाव-नोंदणीच्या खिडकीत बसायची, नवरा बस चालवायचा. सात वर्षं दोघांनी भाड्याच्या खोल्यांत काढली, तीनदा बिऱ्हाड हलवलं. आता चौथ्या मालकालाही खोली परत हवी होती, तीही महिनाअखेरीच्या आत. अशात त्यांना ते घर सापडलं. तीन खोल्या, मागं अंगण, आणि भाव असा की दोघांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. जवळची दगडखाण चालू होती म्हणून तर भाव उतरला होता. दिवसभर खडी फोडायचं यंत्र धडधडायचं आणि दुपारी एकला सुरुंग उडायचा. “सवय होते हो,” असं घराचे मालक म्हणाले होते. मालक म्हणजे निवृत्त मास्तर, मऊ बोलणारे. शुक्रवारी सह्या ठरल्या होत्या.

भाचीनं घर दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा रविवारी. हे ऐकून मावशीनं कपाळावर हात मारला. “अगं शहाणे, रविवारी खाण बंद असते. झोपलेलं पोर बघून गुणाचं आहे म्हणालीस होय?” म्हणून गुरुवारी साडेबाराला मावशी, भाची आणि जावई असे तिघं पुन्हा गेले.

त्या वस्तीत वर्षापूर्वी आपण काम केलंय, हे मावशीला आठवत होतं. पण ओळीत सहा घरं, सगळी एका साच्यातली, तेव्हा नवी आणि अजून विकायची होती. तेव्हा कंत्राटदाराचा टेम्पो मागच्या गल्लीतून आला होता आणि तिनं भिंतींखेरीज काही पाहिलं नव्हतं. आता घराला रंग लागला होता, पडदे लागले होते. मास्तरांनी पाणी दिलं. मावशी सवयीनं भिंतीवरून तळहात फिरवत मधल्या खोलीत गेली, आणि खिडकीच्या कोपऱ्यापाशी तिचा हात थांबला. तिथली कड टोकदार नव्हती, अंगठ्यानं हलकेच मोडलेली होती. बाकीचे गवंडी कड धारदार सोडतात. अंगठा फिरवायची खोड एकाच माणसाची, कारण ही भाची लहानपणी अशाच एका कडेवर कपाळ फोडून घेऊन रडत आली होती.

खिडकीपासून छतापर्यंत तिरकी गेलेली भेग मावशीच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. “अशी भर मावशी, की कुणाला पत्ता लागता कामा नये,” कंत्राटदार म्हणाला होता. तिनं सिमेंटचा मसाला भरला, वर तारेची जाळी ठोकली, त्यावर गिलावा केला. आणि पत्ता लागला नाहीच. तिलासुद्धा नाही.

आता खरं सांगायचं, तर ती गप्प बसली असती तर या कानाचं त्या कानाला कळलं नसतं. पलीकडच्या खोलीत भाची वितीनं जागा मोजत होती, कपाट कुठं, पलंग कुठं. जावई दारात उभा राहून तिच्याकडे बघत होता. मावशीनं पाण्याचा पेला संपवला आणि खिडकीत ठेवला.

एक वाजला. भोंगा झाला, यंत्र थांबलं, आणि पायाखालून दणका आला. भांडी किणकिणली, पंखा डुलला, चिमूटभर भुगा खाली पडला. मग सगळं शांत.

“एवढंच?” भाची हसत बाहेर आली. “मी उगाच घाबरले होते. राहू की आपण.”

“थांब जरा,” मावशी म्हणाली आणि पिशवीतून छन्नी-हातोडी काढली.

“अहो, हे काय करताय?” मास्तर पुढं आले.

“माझाच गिलावा आहे, मास्तर. मीच उतरवते. सौदा मोडला नाही तर पुन्हा करूनही देईन. पण आधी हिला बघू दे.”

चार घाव घातले, जाळी ओढली. आत तिनं भरलेला मसाला मधोमध फाटला होता. तेव्हाची बोटभर भेग आता दोन बोटं झाली होती. मास्तर खुर्चीत बसले. मग त्यांचा मऊ आवाज पहिल्यांदा कडक झाला. “भरायची मजुरी तुम्हीच घेतलीत ना? तेव्हा तोंडाला कुलूप होतं का?”

“होतं,” मावशी म्हणाली. “बेमालूम झालं म्हणून खूश होऊन घरी गेले. कशामुळे फाटलं, पुढं कोण राहणार, काही विचारलं नाही. चूक माझीच.” मग ती भाचीकडं वळली. “ही भिंत आज पडणार नाही, उद्याही नाही. पण इथं रोज एक वाजतो.”

भाचीचे डोळे भरले. “मावशी, महिना संपायला आठ दिवस आहेत. आम्ही जायचं कुठं?”

भाची नवऱ्याला घेऊन निघून गेली, मागं वळूनही पाहिलं नाही.

दुसरी कुणी असती तर घरी जाऊन पांघरूण ओढून पडली असती. मावशीनं राडारोडा गोळा केला, खोली झाडली आणि शेजारचं दार वाजवलं. त्या ओळीत आणखी तीन घरांच्या भेगा तिनंच भरल्या होत्या. पहिल्या घरानं दार लावून घेतलं. दुसऱ्यातला माणूस म्हणाला, “बाई, सगळं आयुष्य घातलंय या घरात, भिंतीला हात लावू नका.” तरी तिनं त्याला भेगेची जागा बोटानं दाखवून ठेवली. तिसऱ्या घरातल्या म्हातारीनं मात्र भिंत फोडू दिली. आतलं बघितल्यावर मावशीनं आणि तिनं मिळून पलंग त्या भिंतीपासून हलवला. संध्याकाळी कंत्राटदाराचा फोन आला, उद्यापासून येऊ नको म्हणून. मावशी म्हणाली, “बरं.” तीस वर्षांचं काम एका शब्दात गेलं. मला विचाराल तर त्या दिवसाइतकं सरळ काम तिनं आयुष्यात केलं नव्हतं.

भाचीचा फोन चार दिवस आला नाही. मावशी फोन उशाशी घेऊन बसायची, स्वतः लावायची हिंमत होत नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी दारात टेम्पो थांबला. जावई गाद्या उतरवायला लागला. भाची पिशव्या घेऊन उंबऱ्यात उभी राहिली, तोंड फुगलेलं.

“घर मिळेपर्यंत इथं राहणार आहोत. आणि माझा राग अजून गेलेला नाही, आधीच सांगते.”

“अगं, दीड खोली माझी,” मावशी गडबडली. “तुम्हाला पाय पसरायला जागा नाही. कशी राहशील इथं?”

भाचीनं वर छतापर्यंत नजर फिरवली.

“या भिंती कुणी केल्या?”

“मी.”

“मग झालं तर,” भाची म्हणाली आणि आत आली.