बुडणाऱ्याचं काम

मोहर्लीच्या बाजूला धरणाचं पाणी जिथं पसरट होत जातं, तिथं मधोमध एक टेकडी बुडायची राहून गेली आहे. गावं तिला टेकडीच म्हणतात. पाटीवर मात्र 'बेट' असं लिहिलं आहे. चार वर्षांपूर्वी नावेनं वाळू नेऊन तिथं ओतली, नारळ लावले. जंगलात वाघ बघून झालेली नागपूर-हैदराबादची माणसं उरलेला दिवस तिथं पाण्यात खेळतात. मे महिन्यात जमीन पाय ठेवू देत नाही, तेव्हा तर पाणी माणसांनी भरून जातं.

पत्रू त्या वाळूवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचा. अंगात नारिंगी जाकीट, गळ्यात शिट्टी. जातीचा ढिवर, वय बावन्न. धरणात मासेमारी बंद झाल्यापासून त्याची अर्धी वस्ती संक्रांतीनंतर तेलंगणात मिरची तोडायला जायची. पत्रू कधी गेला नव्हता. पाण्यापासून लांब तो एकही रात्र झोपला नव्हता, आणि ही खुर्ची टिकली तर झोपावं लागणार नव्हतं. बेटाचा मॅनेजर गुणवंतराव म्हणाला होता, उन्हाळा नीट काढ, पक्का करतो.

गुणवंतरावानं त्याला घेतला तो त्याच्या नावावर. बुडालेलं माणूस काढायचं असलं की पोलिस पत्रूला बोलावत. तळाशी जाऊन त्यानं आजवर अकरा प्रेतं वर आणली होती. "मेलेले काढते, तं जिते काढाले काय लागते?" असं गुणवंतराव म्हणाला, आणि ते सगळ्यांना पटलं होतं.

जिवंत माणूस कसा काढायचा, हे पत्रूला बापानं शिकवलं होतं. पुढून जायचं नाही. त्याच्या मागं दोन हातांच्या अंतरावर थांबायचं. पाणी त्याचा जोर काढून घेतं, मग केस धरायचे. पत्रूचा थोरला भाऊ चैतू एकदा पुढून गेला होता. दुसऱ्या दिवशी जाळ्यात दोघं एकत्रच आले. त्या माणसाची बोटं चैतूच्या गळ्यापासून एकेक करून सोडवावी लागली. ती पत्रूनं सोडवली, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता.

मेच्या दुसऱ्या रविवारी नागपूरच्या पोरांची शर्यत लागली. एकेकट्यानं वल्हवायच्या अरुंद होड्या, आणि पैज बियरची. प्रफुल नावाच्या पोरानं फोटोत छाती दिसावी म्हणून जाकीट काढलं. वळताना होडी उलटली.

पत्रू शिट्टी न वाजवताच पाण्यात गेला. वीसेक हात मारून त्याच्यापाशी पोचला आणि मागं दोन हातांवर थांबला.

"अबे, धर ना त्याले! पाहून काय राह्यला!" काठावरून ओरडा झाला.

पत्रू त्या पोराचे हात पाहत होता. हात अजून जड झाले नव्हते. प्रफुल वळला, त्याला पत्रू दिसला, त्यानं हात पुढं केला. पत्रू तेवढाच मागं सरकला. पोरगा खाली गेला, वर आला, परत खाली गेला. मग पत्रूनं बुडी मारली, केसांना धरून त्याचं तोंड आभाळाकडं केलं आणि एका हातानं पोहत त्याला वाळूवर आणलं. पाठ दाबली. पाणी आलं, मग उलटी, मग श्वास.

कुणीतरी हे सगळं मोबाईलवर घेतलं होतं. त्यात पाण्यावर दोन डोकी दिसत होती. एक मरत होतं, आणि दुसरं शांतपणे ते बघत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणवंतरावाच्या ऑफिसात प्रफुल आणि त्याचा मोठा भाऊ बसले होते. प्रफुल पत्रूकडं बघत नव्हता. "मी हात दिला," तो म्हणाला. "हा मागं सरकला."

"काऊन सरकला बे?" गुणवंतरावानं विचारलं.

"सरका लागते साहेब. जोर असते त्याच्यात. आपल्याले खाली दाबते."

"मंग किती वेळ थांबा लागते?"

"जोर जाऊस्तोवर."

"आणि तेवढ्यात जीव गेला असता तर?" प्रफुलच्या भावानं विचारलं.

पत्रूनं विचार केला. खोटं बोलायचं त्याला सुचलं नाही. "तं तसाच आणला असता," तो म्हणाला.

पाहुणे गेल्यावर गुणवंतरावानं टेबलावरचा पेपरवेट बाजूला सारला. "तुले काढत नाई मी," तो म्हणाला. "काढलं तं पेपरात येते. पण खुर्चीवर आता निकेश बसन. राजुऱ्याचा हाय, सर्टिफिकेटवाला. दर रविवारी पाहुण्यांना प्रात्यक्षिक दाखवाचं. एक जण बुडते, निकेश वाचवते. तू बुडाचं. आजपासून पक्का."

"मले बुडता येत नाई, साहेब."

गुणवंतरावाला हसता हसता ठसका लागला. "पन्नास वर्षं पाण्यात काढली भाऊ तुमी!"

पत्रूची बायको नीलाबाई बेटावरच्याच स्वयंपाकघरात भांडी घासायची. तिला कळलं तेव्हा ती म्हणाली, "नोको. मिरचीले जाऊ आपण."

"तिथी पाणी नाई," पत्रू म्हणाला.

पहिल्या रविवारी पत्रू खरंखुरं बुडाला, म्हणजे माणसं बुडतात तसा. मान मागं टाकली, तोंड पाण्याच्या पातळीला, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबत. आवाज नाही. खाली, वर, खाली. वाळूवरची माणसं भजी खात वाट बघत राहिली.

"कधी सुरू होणार?" एका लहान मुलीनं आईला विचारलं.

"पत्रूभाऊ!" गुणवंतराव भोंग्यातून ओरडला. "हातपाय मारा जरा! बोंबला!"

पत्रूनं हातपाय मारले. "वाचवा!" तो ओरडला. आवाज फाटला. त्या शब्दाची त्याच्या घशाला सवय नव्हती.

मागं नीलाबाईच्या हातातली कढई पडली. साबणाच्या हातांनी ती वाळूतून पळत आली आणि गुडघाभर पाण्यात शिरली. निकेशनं टाकलेलं रबरी कडं पत्रूच्या कानावर बसलं. त्यानं ते ठरल्याप्रमाणं धरलं. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते.

"या त्यांच्या घरच्या!" गुणवंतराव भोंग्यातून म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला.

संध्याकाळी त्यानं नीलाबाईला बोलावून घेतलं. "वहिनी, लय मस्त झालं. दर रविवारी असंच धावा. पण लवकर नोका येऊ. तिसऱ्या हाकेले."

संक्रांतीनंतर वस्तीतली माणसं ट्रकात बसून मिरचीला गेली. ही दोघं मागं राहिली. रविवारी चार वाजता नीलाबाई हात पुसून नारळाच्या आडोशाला उभी राहते. पाण्यातून हाक येते. मग दुसरी येते. ती पदर खोचते.