मोरीतला डाग

टिंचर आयोडीनचा वास आला की स्वातंत्र्याआधीची निपाणीतली आमची दगडी मोरी आठवते. थोरल्या बहिणीचा, आक्काचा, गळा सुजत चालला होता. ऐन उन्हाळ्यातही ती गळ्याभोवती पदर गुंडाळून असायची. डॉक्टरांनी पाण्यातून घ्यायला आयोडीनचे थेंब दिले. चौथ्या दिवशी पदर सोडून तिनं मला विचारलं, "कमी आलंय का गं?" "व्हय, लई कमी," मी खोटंच बोलले. त्याच सकाळी आप्पांनी बाटली हुंगली. "ह्यात दारू हाय. जैनाच्या घरात न्हाय चालायची," म्हणत त्यांनी ती मोरीत ओतली. आक्का पदर पुन्हा गुंडाळून तो तांबडा डाग घासत बसली. आता सून आयोडीनच्या मिठाचा पुडा फोडते, तेव्हा मी चिमूटभर हुंगून बघते. कसलाच वास येत नाही. आप्पांना कळलंसुद्धा नसतं गं, आक्का.