सरपणाचे तीन भारे

कालव्याचा बांध निम्मा तुडवून झाला, तेव्हा बालमणी म्हणाली, "अक्का, मागं वळून बघू नका. साईलूची मोपेड येतेय."

कुमुदनं पावलं झपाझप उचलली. निजामाबादेत तिनं तीस वर्षं काढली होती. बायकांच्या पाहणीच्या प्रश्नावल्या तीच कचेरीत बसून तयार करायची; आज काम बघायला म्हणून बालमणीबरोबर गावात आली होती. पण ज्या घरात प्रश्न विचारले तिथला माणूस असा पाठीवर येतोय, हे पहिल्यांदाच घडत होतं. दोन्हीकडे हळदीची शेतं, चिटपाखरू नाही. ती मनातल्या मनात रामरक्षा म्हणू लागली. बालमणीनं पिशवी छातीशी धरली. पिशवीत साईलूच्या बायकोचा, नरसव्वाचा कागद होता. नवरा मारतो का, कशानं, किती वेळा, सगळं त्यावर.

बालमणी मूळची विड्या वळणारी. नवरा दुबईला गेला तो तिकडचाच झाला. मग हिनं दहावीची परीक्षा दिली आणि घरोघरी जाऊन बायकांना प्रश्न विचारायचं हे काम धरलं. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. कागद मांडीवर असायचा, पण प्रश्न पाठ. घरात शिरली की आधी पाणी मागायची, मग दाराकडे तोंड करून बसायची, म्हणजे येणारा आधी तिला दिसे. या कामावर आलेल्या नव्या बायकांना शिकवताना जोडीजोडीनं एकमेकींना प्रश्न विचारायला लावत. मारहाणीचं पान आलं, की ही "घसा कोरडा पडलाय" म्हणत उठून जायची. कुमुदनं त्याबद्दल तिला कधी विचारलं नाही.

नवऱ्यांना सुगावा लागू नये म्हणून रीत अशी होती, की एका गल्लीत एकाच घरी बसायचं, आणि मध्येच कुणी आलं तर पान उलटून चुलीचे प्रश्न सुरू करायचे. ते चुलीचं पान कुमुदनं कचेरीत बसून लिहिलं होतं. आज दारात सावली पडताच बालमणीनं पान उलटलं. "आठवड्याला सरपण किती भारे लागतं?"

घाबरलेली नरसव्वा बोलून गेली, "तीन." तिच्या पाठीमागं ओट्यावर गॅसची शेगडी होती. साईलू दारातच उभा राहून शेगडीकडे बघत होता. दोघींनी कसाबसा निरोप घेतला.

आता मोपेड आडवी येऊन थांबली.

"काय गं अम्मा, माझ्या घरात गॅस आहे. तीन भारे कुठं जाळते ती?"

"तुला अंघोळीला कढत पाणी लागतं ना? ते काय गॅसवर तापवते? सिलिंडर पुरवते बिचारी."

"तीन भारे? मी काय हत्ती आहे?"

"हत्ती नाहीस बाबा. पोट तेवढं बघ."

साईलू हसला नाही. "कागद दाखव."

बालमणीनं पिशवीत हात घातला. आत दोन सुटे कागद होते, एक मारहाणीचा, एक चुलीचा. बालमणीनं न बघता, नुसत्या बोटांनी चाचपून चुलीचा कागद काढला. साईलूनं ओळीखाली बोट फिरवत तो वाचला, परत पहिल्यापासून वाचला.

"एवढंच विचारायला दोघी चालत आलात? मग शेजारच्या राजव्वाला का नाही विचारलं?"

"विचारायचंय की. आधी जेवायला निघालो होतो."

"मंडईत जाऊन येतो. मग बघतो राजव्वाला काय काय विचारलंत ते. आणि घरात आमच्या बाईसाहेब काय सांगतात तेही." मोपेड धुरळा उडवत पुढं गेली.

बालमणी मटकन बांधावर बसली.

"चूक माझी," कुमुद म्हणाली. "गॅस असलेल्या घराचा मी विचारच केला नाही. सगळ्यांना एकच पान लिहून दिलं."

"ते मागाहून बघू, अक्का. राजव्वानं 'माझ्याकडे कुणी आलंच नाही' म्हटलं, तर तो नरसव्वाला आज जिवंत ठेवायचा नाही."

"पोलिसांना सांगायचं का?"

"ते येईपर्यंत तो घरी पोचलेला असेल. मग चौकशीत पहिलं नाव नरसव्वाचंच निघेल." बालमणीनं पदरानं तोंड पुसलं. "मंडईत जाऊन यायला त्याला दोन तास लागतील. गल्लीत चौदा घरं आहेत. प्रत्येक घरी बसायचं आणि सरपणाचंच विचारायचं. एकही चूल सोडायची नाही."

कुमुदनं मागं पाहिलं. गावाची झाडं फार लांब दिसत होती.

"तो लवकर परतला तर?"

"तर आपण तिथंच सापडू." बालमणी उठली, पण पाऊल पुढं पडेना. एकोणीस वर्षांत तिनं सोबत कधी मागितली नव्हती. तिनं कुमुदचं मनगट घट्ट धरलं. "त्या गल्लीत आज एकटीनं शिरायची माझी छाती होत नाही. अक्का, तुम्ही माझ्याबरोबर परत चला."