उपासाच्या मडक्याचा दोरा

दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय हे कळल्याशिवाय वर्कनेशला चैन पडत नसे. लहानपणी शेजारणीच्या मडक्याचं झाकण उचलताना वाफेने तिचं मनगट भाजलं होतं. तो डाग दाखवून ती मोठ्या अभिमानाने सांगे, "मार खाल्ला, पण त्यात मेथी होती हे कळलं ना." पुढे गोंदर शहरात, मारियमच्या चर्चखालच्या उतारावर तिने खानावळ काढली, तरी खोड गेली नाही. बाजारात मिरच्या घेता घेता ती मिरचीवालीला विचारी, "काल घरी काय केलंस? फोडणीला आधी कांदा की आधी तेल?" बायका वैतागत, पण सांगत. तिच्या स्वयंपाकाबद्दल मात्र कधी कुणी काही विचारलं नाही. लोक जेवायचे, हात धुवायचे आणि जायचे.

जेवण तसं साधंच होतं. वर्षातले निम्मे दिवस उपासाचे, आणि उपास म्हणजे मांस, अंडी, दूध, तूप सगळं बंद. दुपारची प्रार्थना संपेपर्यंत पाणीसुद्धा नाही. मग भुकेलेली माणसं उतार उतरून येत आणि एकेका मोठ्या इंजेऱ्याभोवती, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या घावनाभोवती, चारचार जण बसत. त्यावर ती ढीग वाढी: लाल मसाल्यातली मसूर, पिवळी वाटाण्याची डाळ, लसूण घातलेला पाला, बीट, मोहरी फेसून लावलेली गार मसूर, करडई वाटून गाळलेल्या दुधात भिजवलेले इंजेऱ्याचे तुकडे, जवसाची चटणी. सलग आठ आठवडे चालणाऱ्या मोठ्या उपासात हरभऱ्याच्या पिठाचे मासेसुद्धा करी. त्यांना शेपटी काढी, खवले काढी, आणि तळून रश्शात सोडी. मधोमध शिरो, म्हणजे भाजलेल्या हरभऱ्या-वाटाण्याच्या पिठाचं तिखट पिठलं. शिरो बिघडला तर बाकी ताट चांगलं असूनही वाया जातं.

त्या वर्षी पीठवाल्याने तिला सोयाचं पीठ दाखवलं. "मिसळ थोडं. दाट होतं, स्वस्त पडतं, कुणाला कळणारही नाही."

कळणार नाही म्हटल्यावर तर तिला करून बघणं भागच होतं. घरी नेलं, शिजवलं. नवऱ्याने, अडमासूने, दोन घास खाऊन मान हलवली. "औषध म्हणून चांगलं आहे."

कच्च्या शेंगांचा वास काही केल्या जाईना. उरलेलं कोंबड्यांना गेलं. पण पिठल्याला दाटपणा आणायचा हे डोक्यात बसलं ते बसलंच. काय घालावं, काय घालावं, म्हणत तिने एक दिवस कारळे मंद भाजले, वाटले, गाळले आणि ते काळपट दूध शिरोत सोडलं. तेल कारळ्याचं आपण घालतोच, मग कारळेच का नकोत, एवढाच तिचा विचार.

मोठा उपास लागला आणि खानावळीत बसायला जागा पुरेना. नदीपलीकडची माणसं येऊ लागली. लोक शिरो दुसऱ्यांदा मागत, बोटं चाटत. वर्कनेश मनातून फुलून गेली होती. इतक्या वर्षांनी आपल्याला काहीतरी सापडलं, असं तिला वाटत होतं.

एमाहोय तिरुंगो तेव्हाच आल्या. पिवळ्या वस्त्रातल्या, चर्चच्या आवारात राहणाऱ्या म्हाताऱ्या जोगीण त्या, म्हणून सगळे त्यांना एमाहोय म्हणत. तीन दिवस मुकाट जेवल्या. चौथ्या दिवशी घास तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

"पोरी, यात तूप आहे."

सगळ्यांचे हात थांबले.

"एमाहोय, मोठ्या उपासात मी तूप घालीन होय?"

"घातलंस की नाही ते तू जाण. माझ्या जिभेला तूप लागतंय."

"मग तीन दिवस कशा जेवलात?"

"खात्री करत होते," म्हातारी शांतपणे म्हणाली.

कुणीतरी हसलं, पण बरेच जण उठून गेले. वर्कनेशला राग आला, आणि रागाच्या खाली नेहमीची ती खाज. खरंच असेल का? गोंदरची पहाट चांगली गार असते. तेल गारठ्यात पातळ राहतं, तूप थिजतं. तिने उरलेला शिरो पाण्याने सैल करून मडक्यातच झाकून ठेवला. सकाळी झाकण काढलं तर वर पांढरट साय धरली होती. नखाने खरवडून नाकाशी नेली. मसाल्याचं तूप. सणाच्या कोंबडीच्या रश्शात असतं ते.

घरात दोन काळी मडकी होती, एकाच कुंभारणीच्या हातची. एक सणाचं, तूप पिऊन पिऊन तुकतुकीत झालेलं. दुसरं उपासाचं, त्याच्या गळ्यात दोरा.

"अहो, उपासाच्या आदल्या दिवशी मडकी कुणी घासली?"

"मीच," अडमासू कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला. "राखेने चांगली घासली."

"आणि दोरा?"

"घासताना निघाला होता. बांधला परत."

"कोणत्याला?"

"अगं, दोन्ही काळीच होती."

"मग विचारायचं होतं मला."

"विचारलं असतं तर म्हणाली असतीस, तीस वर्षं संसार केला आणि मडकं ओळखता येत नाही."

"तेच म्हणतेय आता."

त्या दुपारी तिने आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. लपवलं असतं तर खपलंही असतं, पण तिच्या घशाखाली घास उतरला नसता. मग अब्बा फेंता या धर्मगुरूंकडे जाऊन तिने जमिनीला डोकं टेकलं. त्यांनी बराच वेळ दाढी कुरवाळली. "मीही दोनदा मागून घेतला होता," ते म्हणाले. "नकळत झालं त्याचं ओझं हलकं. आता कळलंय, तेव्हा ते मडकं फोड, आणि आपण दोघंही प्रायश्चित्ताचे नमस्कार घालू."

मडकं फोडताना तिला रडू आलं. लग्नातलं होतं ते. पण खरं दुःख निराळंच होतं. लोक आले ते कशासाठी? कारळ्यासाठी की तुपासाठी? तूप असेल तर तिला काहीच सापडलं नव्हतं. नवऱ्याच्या चुकीने चार दिवस मिरवून घेतलं, एवढंच.

"तेलही गेलं, तूपही गेलं," अडमासू म्हणाला, आणि तिने बघितल्यावर खापरं गोळा करू लागला.

दुसऱ्या दिवशी तिने फुटक्या मडक्याच्या गळ्यातला दोरा सोडून खऱ्या उपासाच्या मडक्याच्या गळ्यात बांधला, स्वतःच्या हाताने, आणि त्यात शिरो केला. कारळे तसेच भाजले, तसेच गाळले. दुपारी मोजकीच माणसं आली. शेवटी काठी टेकत एमाहोय आल्या, बसल्या, घास घेतला. डोळे मिटून चघळला.

"तूप आहे अजून."

वर्कनेशने उरलेला शिरो त्यांच्यासमोर तसाच सैल करून मडक्यात झाकला. "उद्या सकाळी तुम्हीच झाकण काढा."

सकाळी म्हातारी थंडीत कुडकुडत आली. झाकण काढलं. वर काही नव्हतं, कडेला काळसर तेलाची पातळ चकाकी तेवढी होती. तिने बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, हुंगलं. चाखता येत नव्हतं, प्रार्थना व्हायची होती. तरी ती मडक्यावरून हलेना. पुन्हा वाकली, पुन्हा वास घेतला.

"तूप नाही," ती अखेर म्हणाली. मग मान वर करून, लहान पोरीसारखी अधीर होऊन तिने विचारलं, "मग आहे काय यात?"

वर्कनेश बघतच राहिली. जन्मभर ती दारोदार हेच विचारत आली होती. तिने पदराने डोळे पुसले, स्टूल पुढे ओढलं आणि म्हणाली, "बसा, एमाहोय. पहिल्यापासून सांगते."